दर पावसाळ्यानंतर सीटवर बुरशी आणि पोपडे: जुन्या गाडीच्या लेदर सीटचा रंग का टिकत नाही आणि तो टिकवायचा कसा

लक्षणं ठरलेली आहेत. गणपतीत गाडीचं दार उघडलं की कुबट वास येतो, पाठीच्या भागावर पांढरट-हिरवट ठिपके दिसतात, ड्रायव्हर सीटच्या उजव्या कडेचा रंग पापुद्र्यासारखा सुटलेला असतो. मग सीट पुसली जाते, कुणीतरी खोबरेल चोळतं, दिवाळीत रंगाची बाटली आणून एक हात मारला जातो. शिमग्यापर्यंत सीट छान दिसते आणि जूनमध्ये पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत दहा-बारा वर्षं जुन्या गाड्यांत हे इतकं सर्रास दिसतं की लोक त्याला लेदरचं वय समजतात. वयामुळे लेदर झिजतं हे खरं, पण नवा लावलेला रंग वर्षभरात सुटतो तो वयामुळे नाही. रंगाखाली तेल राहिलेलं असतं किंवा गाडीत ओल राहिलेली असते. बहुतेक वेळा दोन्ही. या दोन गोष्टी मिटवल्याशिवाय कितीही महाग रंग आणला तरी तो वाया जातो, म्हणून खालचा बराचसा मजकूर रंग लावण्याआधीच्या कामाबद्दल आहे.

आधी ते लेदर आहे का ते पाहा

'लेदर सीट' म्हणून विकलेल्या बऱ्याच गाड्यांत फक्त बसायचा आणि टेकायचा भाग चामड्याचा असतो. बाजू आणि मागची पाठ रेक्झिनची असते. काही गाड्यांत तर सगळंच कृत्रिम असतं. सीटखाली हात घाला, कव्हर जिथे फ्रेमला अडकवलेलं असतं ती कड उलटी करून आतली बाजू पाहा. खरखरीत, मखमलीसारखे तंतू दिसले तर चामडं. विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन किंवा पीयू (कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेलं कृत्रिम लेदर). मधला भाग आणि बाजूची कड वेगवेगळी तपासा, एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका.

पीयूचा पापुद्रा उडून खालचं कापड दिसायला लागलं असेल तर तिथे थांबा. दमट हवेत पीयूचा थर रासायनिकरीत्या तुटत जातो, आधी चिकट होतो, मग खपल्या धरतो. आपल्या किनाऱ्यावर हे लवकर होतं. त्यावर कुठलाही रंग किंवा फिलर (भेगा भरायची लवचीक लुगदी) धरत नाही, कारण ज्याला धरायचं तो थरच सुटत असतो. तेवढा भाग सीटवाल्याकडून नवीन शिवून घेणं हाच उपाय आहे.

चामडं असेल तर भेग नीट उजेडात, भिंगाखाली पाहा. वरच्या थरातच बारीक रेषा असतील आणि बोट फिरवल्यावर पृष्ठभाग सलग लागत असेल, तर काम सोपं आहे. भेगेच्या कडा वर उचललेल्या असतील आणि आत कापसासारखे तंतू दिसत असतील, तर चामडंच तुटलं आहे. तिथे बाइंडर (सुटे तंतू चिकटवून धरणारा द्रव) आणि फिलर लागणार. आरपार भोक असेल, तर आतून कापडाचा तुकडा सरकवून लवचीक गोंदाने चिकटवावा लागतो. नुसता फिलर भरला तर तो आतल्या फोमवर जाऊन बसतो आणि पहिल्याच आठवड्यात खचतो.

पांढरं दिसलं म्हणजे बुरशीच असं नाही

तीन वेगळ्या गोष्टी सीटवर पांढऱ्या दिसतात आणि तिघींचा इलाज वेगळा आहे. हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून अर्धा मिनिट फिरवा. पांढरी झाक वितळून नाहीशी झाली तर ती चरबी आहे: चामड्यातली किंवा वरून चोळलेल्या तेलाची, वर येऊन गोठलेली. गरम करून पुसून घ्या, दोन-तीन वेळा करावं लागेल. उष्णतेने काही फरक पडला नाही, पण ओल्या फडक्याने लगेच विरघळलं आणि बोटाला कचकच लागली, तर ते मीठ आहे. घामाचं, समुद्रावरून ओल्या कपड्यांनी येऊन बसल्याचं, किंवा पुराच्या पाण्याचं. साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने ते चार-पाच वेळा पुसून काढावं लागतं. मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं आणि त्या जागी पुन्हा बुरशी धरते.

गोल ठिपके, कुबट वास, शिवणीत जास्त आणि उष्णतेला दाद नाही, तर ती बुरशी.

बुरशी गाडीत बसून कोरड्या ब्रशने झाडू नका. बीजाणू छताच्या कापडात आणि एसीच्या वाटेत जातात. चारही दारं उघडी ठेवा, एन-९५ मास्क लावा, व्हॅक्यूमने वरवर ओढून घ्या. मग ७० भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ३० भाग पाणी असं मिश्रण फडक्यावर घेऊन पुसा, थेट सीटवर फवारू नका. दहा मिनिटं राहू द्या, नव्या फडक्याने पुन्हा पुसा. शिवणीतून कानाच्या काड्या फिरवा. जिथे रंग करायचा नाही तिथे हे मिश्रण हलक्या हाताने वापरा आणि आधी कोपऱ्यात करून पाहा, कारण जोरात घासलं तर मूळ रंगही निघतो. ब्लीचिंग पावडर, धुण्याचा सोडा, खायचा सोडा यांच्या वाटेला जाऊच नये. चामडं मुळात किंचित आम्लधर्मी असतं, अल्कलीने ते कडक होतं, आणि ब्लीच शिवणीचा दोराही कुजवतं.

दोन-तीन दिवसांनीही वास राहिला तर तो चामड्याचा नाही, आतल्या फोमचा आहे. कव्हर उतरवून फोम उन्हात टाकावा लागेल. फोमला ऊन चालतं, चामडं मात्र सावलीत वाऱ्यावरच वाळवा.

खोबरेल

याला वेगळी जागा द्यावी लागते, कारण आपल्याकडे निम्म्या सीट याच्यामुळे बिघडलेल्या असतात. कोल्हापुरी चपलेला तेल मानवतं, कारण ते झाडांच्या साली-फळांच्या टॅनिनने कमावलेलं, उघडं चामडं आहे. गाडीच्या सीटचं चामडं बहुतेक क्रोमियमने कमावलेलं असतं आणि त्यावर रंगाचा व पॉलियुरेथेनचा थर असतो. तेल त्या थरातून आत जात नाही. ते भेगांतून आणि शिवणीच्या भोकांतून आत शिरतं, खवट होतं, धूळ धरतं. पावसाळ्यात बुरशीला तेच खाद्य. आणि पुढे रंग लावायला गेलं की नेमका त्या भेगांवरच रंग सुटतो.

हेडरेस्ट तर न चोळताही तेलकट असते, डोक्याच्या तेलामुळे. बटण दाबून ती काढा आणि टेबलावर घ्या. डागावर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा लेदरचा डीग्रीझर (तेल काढणारा द्रव) ओलसर होईल इतका लावा, लगेच त्यावर पांढरा टिश्यू पेपर सुरकुती न ठेवता चिकटवून द्या आणि तसाच वाळू द्या. द्रव वर उडून जाताना तेल कागदात ओढलं जातं. कागद सोलून काढला की त्यावर पिवळट नकाशा उमटलेला दिसतो. नवा कागद, पुन्हा तेच. मुरलेल्या डागाला चार-पाच कागद सहज लागतात. शेवटचा कागद पांढरा निघेपर्यंत पुढे जाऊ नका.

डॅशबोर्ड चमकवायचे सिलिकॉनचे स्प्रे आणि टायर पॉलिश यांचीही गत तीच, फक्त ते डोळ्यांना दिसत नाहीत. रंग लावल्यावर दिसतात.

ओल कुठून येते ते शोधा

बाजारात काहीशे रुपयांत छोटा डिजिटल आर्द्रतामापक मिळतो. रात्री गाडी बंद करून तो सीटवर ठेवा आणि सकाळी दार उघडायच्या आत काचेतून आकडा वाचा. कोरड्या दिवसांतही तो ७० टक्क्यांच्या वर राहत असेल तर गाडीत पाण्याचा झरा आहे असंच समजा.

पहिली शंका एसीच्या निचरा नळीवर. दमट हवेत एसी पंधरा मिनिटं चालवला की गाडीखाली पाणी टपकलं पाहिजे. टपकत नसेल तर ते पाणी पुढच्या पायाशी, कार्पेटखाली जातंय. नळी खालून मऊ नायलॉन दोरीने मोकळी करा. तार खुपसू नका, नळी निखळते. दुसरी शंका पुढच्या काचेखालच्या जाळीवर. आंब्या-फणसाखाली उभ्या असणाऱ्या गाडीत तिथे पानं कुजून चिखल होतो आणि पाणी ब्लोअरच्या वाटेने आत उतरतं. सनरूफ असेल तर चारही कोपऱ्यांच्या नळ्या. दार उघडून आतल्या पॅनेलमागचं प्लास्टिक सुटलंय का तेही पाहा, स्पीकर बसवताना ते फाडून ठेवलेलं हमखास सापडतं.

कार्पेट वरून कोरडं लागतं, पण खालचा नमदा आठवडेच्या आठवडे ओला राहतो. कार्पेटची कड उचलून खाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा, वरून पायाने दाबा. कागद ओला झाला तर सीट काढलेल्या असतानाच कार्पेट उचलून वाळवायचं.

चाकरमान्यांच्या गावी ठेवलेल्या गाड्यांचं दुखणं वेगळं. मांगरात (घराजवळच्या शेडमध्ये) गाडी लावतात आणि वरून प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळतात. जमिनीतून वर येणारी वाफ त्या ताडपत्रीखाली कोंडते. वर छप्पर असेल तर काही गुंडाळू नका. धुळीची काळजी असेल तर सुती चादर पुरे.

आणखी एक. जुनी गाडी नुकतीच घेतली असेल तर सीटचे रूळ, बेल्टचा गुंडाळलेला शेवट आणि फोमच्या सांधी यांत बारीक चिखलाचा थर आहे का ते पाहा. जुलै २०२१ मध्ये चिपळूण, महाडला पूर आला तेव्हा अनेक गाड्या पाण्यात होत्या. पुरात बुडालेल्या सीटचा फोम बदलायचाच, वरच्या चामड्याचा विचार नंतर.

कामाचे दिवस

दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत. या कामाला बहुतेक पाण्यात मिसळणारे रंग वापरतात आणि ते पाणी उडाल्यावरच धरतात. हवेत ७० टक्क्यांहून जास्त ओल असेल तर वरची साय कोरडी होते आणि खालचा थर ओलाच राहतो. थंडीतही किनाऱ्यालगत रात्री दव पडतं, म्हणून रंगाचे हात सकाळी दहा ते दुपारी चार यांतच मारा. एप्रिल-मे टाळा: हवा दमट असते आणि कपाळाचा एक घामाचा थेंब ओल्या रंगावर पडला की तो हात पुन्हा करावा लागतो.

सीट काढताना

चार बोल्ट असतात, पण सीटखालची पिवळी जोडणी एअरबॅगची असते. आधी बॅटरीची ऋण तार काढा, दहा मिनिटं थांबा, मगच ती सोडवा. सीट बाहेर असताना चावी फिरवू नका, नाहीतर एअरबॅगचा दिवा पेटून बसतो. सीटमध्ये बाजूची एअरबॅग असेल (पाठीच्या बाहेरच्या कडेला छोटी पट्टी शिवलेली असते), तर त्या शिवणीवर गोंद, फिलर, नवी शिलाई काहीही करायचं नाही. ती शिवण ठरावीक ताकदीने फाटण्यासाठीच असते.

रूळ बाहेर आलेच आहेत तर खाऱ्या हवेचा गंज घासून ग्रीस भरून घ्या.

उजव्या कडेवर तळवा दाबून पाहा. आत तार किंवा पत्रा लागत असेल तर फोम बसलाय. आपण गाडीत बसताना त्या कडेवरूनच घसरत जातो, म्हणून ती आधी जाते. खालच्या क्लिपा सोडून १० ते १२ मिलिमीटरचा घट्ट फोम, कडा तिरप्या कापून, आत चिकटवा. हे न करता वरून रंगवलं तर सैल चामडं घडी पडत राहतं आणि भेग त्याच घडीवर परत येते.

प्रत्यक्ष काम

पुढच्या दोन सीटसाठी: लेदर क्लीनर २५० मिली, आयसोप्रोपिल अल्कोहोल अर्धा लिटर, बाइंडर १५० मिली, लवचीक फिलर ५० मिली, रंग २५० मिली, टॉप कोट (रंगावरचा संरक्षक थर) २५० मिली, ६०० आणि १००० नंबरचे पॉलिश पेपर, आठ-दहा मायक्रोफायबर फडकी, मऊ ब्रश, दाट स्पंज, हेअर ड्रायर.

क्लीनर ब्रशवर घ्या, सीटवर ओतू नका. हातभर जागा घासा, फेस पुसा, पुढची जागा घ्या. फडक्यावर आपली तांबडी धूळ निघेल. जांभ्याची ही धूळ भेगेत बसली की प्रत्येक बसण्या-उठण्याला पॉलिश पेपरचं काम करते, म्हणून भेगा बोटांनी ताणून आतून स्वच्छ करा. फडकं पांढरं निघेपर्यंत. मग रात्रभर वाळू द्या.

दुसऱ्या दिवशी अल्कोहोलने पुसा, ६०० नंबरने हलकं घासा. सुटलेला रंग निघून कडा बोटाला सपाट लागल्या पाहिजेत. धूळ पुसा आणि पुन्हा अल्कोहोल. हा दुसरा हात लोक गाळतात, पण घासल्यावर खालचं तेल उघडं पडतं आणि तेच काढायचं असतं.

आता पाण्याचा एक थेंब ठेवून पाहा. तो मण्यासारखा गोल उभा राहिला तर सिलिकॉन किंवा जुना टॉप कोट शिल्लक आहे, पुन्हा घासा. चपटा पसरला तर तयार. लगेच शोषला जाऊन काळपट डाग पडला तर चामडं उघडं आहे, तिथे बाइंडर हवा.

बाइंडर स्पंजने चोळून तीन-चार हात, प्रत्येक हातानंतर ड्रायर. तंतू बसून पृष्ठभाग घट्ट झाला की थांबा. फिलर पातळ पत्रीने, एका वेळी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. खोल भेग असेल तर तीन-चार थर द्या, एकदम भरू नका. जाड थर आतून वाळत नाही आणि वाळल्यावर आकसून पुन्हा खड्डा दिसतो. पूर्ण वाळल्यावर १००० नंबरने सपाट करा. ड्रायर इतकाच जवळ धरा की मध्ये धरलेल्या हाताला सोसेल. पेंटरची हीट गन नको, चामडं आखडतं आणि ते परत सरळ होत नाही.

रंग जुळवताना हेडरेस्टखालचा मूळ रंग पाहू नका, शेजारच्या भागाचा आजचा रंग पाहा. ओला रंग फिका दिसतो, वाळल्यावर गडद होतो, म्हणून ठिपका लावून ड्रायरने वाळवून मगच ठरवा, तेही उन्हाच्या उजेडात. पहिला हात स्पंजने टिपत, सीट ताणून, म्हणजे सुरकुत्यांच्या तळाशी रंग पोचतो. पुढचे तीन-चार हात जमल्यास स्प्रे गनने, ०.८ मिलिमीटर नोझल आणि ३० पीएसआयच्या आसपास हवेचा दाब. पातळ, अगदी धुक्यासारखे. पहिल्या फवाऱ्यात सीट पूर्ण झाकली गेली तर हात जाड पडतोय. बारीक भोकांच्या सीटला स्पंज लावू नका, भोकं बुजतात.

शेवटी टॉप कोटचे दोन-तीन पातळ हात. त्यासोबत हार्डनर (थर पक्का करणारा द्रव) येत असेल तर तो घालाच. आपल्या घामापुढे त्याच्याशिवायचा थर टिकत नाही. प्रमाण लेबलवरचं पाळा: ५ टक्के लिहिलं असेल तर १०० मिलीला ५ मिली, सिरिंजने मोजून. मिसळलेला माल काही तासांतच वापरायचा, म्हणून लागेल तेवढाच करा. हातमोजे आणि वाफेचा मास्क लावा. मॅट किंवा सॅटिन घ्या. चकचकीत टॉप कोटने चांगली सीटही रेक्झिनसारखी दिसते.

२४ तास हात लावू नका. बसायला तीन दिवस, ओलं फडकं लावायला दोन आठवडे.

तरीही बिघडलं तर

रंग नखाने सालीसारखा निघतो: खाली तेल आहे. वरून डागडुजी होत नाही, तेवढा भाग चामड्यापर्यंत घासून कागदाच्या उपायापासून सुरुवात करा.

रंगात बारीक गोल खळगे, माशाच्या डोळ्यासारखे: सिलिकॉन. ओलं असतानाच सगळं पुसून टाका, वाळल्यावर घासत बसावं लागतं.

आठवड्यानंतरही हाताला चिकट लागतं: हात जाड पडले, हवा दमट होती, किंवा हार्डनर चुकला. कोरड्या दिवसांत दारं उघडी ठेवून आणखी आठवडा द्या. तरी चिकटच असेल तर अल्कोहोलने टॉप कोट काढून पुन्हा लावा.

टॉप कोट दुधाळ झाला: खालच्या रंगातलं पाणी कोंडलं. लगेच लक्षात आलं तर ड्रायरने निघतं.

रंग पांढऱ्या कपड्याला लागतो: टॉप कोट लागलेलाच नाही, किंवा कुणीतरी बुटाचं पॉलिश वापरलंय. पॉलिशचं मेण आधी पूर्ण काढावं लागतं.

जून ते सप्टेंबर

मेच्या शेवटी सीट क्लीनरने पुसून मीठ-घाम काढा. त्यानंतर लावायचंच असेल तर पाण्यात मिसळणारं, तेल नसलेलं लेदर प्रोटेक्टर लावा. उभ्या गाडीत अर्धा किलो सिलिका जेल कापडी पिशव्यांत घालून ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर वाळवून परत ठेवा. पाणी साठणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे सीटवर कधीच ठेवू नका. तो डबा कलंडला आणि खारं पाणी चामड्यावर सांडलं तर चामडं आखडून पत्र्यासारखं होतं. ठेवायचेच असतील तर पायाशी, टबमध्ये.

उघडीप मिळेल त्या दिवशी गाडी बाहेर काढा, काचा दोन बोटं खाली घ्या, एसी आणि हीटर दोन्ही एकदम चालू करून वीस मिनिटं फिरवा. एसी हवेतलं पाणी काढतो, हीटर सीट कोरडी करतो. परत आल्यावर गाडीखाली पाणी टपकतंय ना, तेवढं वाकून बघा.